ताईचा उसव्या

मी एक जुना उसव्या आहे. चुकलेली शिवण उसवायला एक छोटे हत्यार असते ना, दोन टोकांचे? एक टोक लांब आणि अणकुचीदार, दुसरे आखूड आणि त्यावर लाल मणी, आणि दोहोंच्या बेचक्यात धारदार पाते. तेच मी. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. छत्री काय, फळा काय, सगळे कसे कृतज्ञ असतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला किळस फार येते. माझे सगळे आयुष्य दुसऱ्यांच्या चुका कुरतडण्यात गेले आहे, आणि चुकांना काही बरी चव नसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मलो तो थेट तेलाच्या डब्यात पडलो. ते तेल कधीकाळी पिवळे असावे, आम्ही पडलो तेव्हा काळे होते आणि त्यात एक झुरळ तरंगत होते. तिथून पुठ्ठ्याच्या कार्डावर बसून मी दुकानात गेलो. दुकानदार माणूस तोंडाचा गोड होता, पण माझ्या शेजारच्या भावाने त्याने एकदा कानातला मळ काढला आणि त्याला तसाच पुन्हा कार्डावर खोचून विकला. घेणारीने धार बघायला त्यावरून बोट फिरवले. ती आठवण आली की अजून अंगावर काटा येतो, आणि मी मुळातच काटा आहे.

माझे नशीब बरे, मला ताईने घेतले. ताई त्या घरातली थोरली. तिच्या पाठच्या भावाचे, त्याच्या बायकोचे आणि तिचे मिळून ते घर होते. रस्त्याच्या बाजूची पुढची खोली ताईची. खिडकीखाली मशीन, मधोमध कापायचे लांब टेबल आणि भिंतीला पत्र्याचे साचे टांगलेले. ताई गोधड्या करायची. सरळ चौकोनांच्या गोधड्या कोणीही करते, ताई वर्तुळांच्या करायची. एकमेकांत अडकलेली वर्तुळे, आणि एकाही वर्तुळाला चुणी नाही.

वर्तुळ शिवणे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. वर्तुळाचा पाव भाग कापायचा, त्याची कड बाहेर फुगलेली. त्याला ताई पोट म्हणायची. त्याच्या भोवती बसणारा दुसरा तुकडा आत खचलेला, ती कूस. पोट कुशीत बसवायचे. ऐकायला सोपे आहे. पण दोन तुकडे शिवायला एकावर एक ठेवले की त्यांचे बाक उलट दिशांना तोंड करून बसतात, भांडलेल्या जावांसारखे. शिवाय पोटाची कड कुशीच्या कडेपेक्षा लांब असते. बघणाऱ्याला वाटते की कापणारीने चूक केली. चूक नसते. शिवण जाते ती कडेपासून आत, आणि तिथे दोघींची लांबी सारखीच असते. हे ज्याला पटले त्याला वर्तुळ येते. बाकीच्यांना माझी गरज पडते.

ताईकडे शिकायला बायका यायच्या. त्या हौसेने तुकडा दाखवायच्या, ताई चष्मा खाली ओढून बघायची आणि एकच शब्द बोलायची, "उसव." छान हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फारच उत्तम झाले असेल तर ती "चालेल" म्हणायची, आणि ती बाई तरंगतच घरी जायची. काही जणी रडायच्या. एकीने तर मला टेबलाखाली लपवले होते. पण रडणाऱ्या दुसऱ्या दिवशी परत यायच्या. संध्याकाळी ताई माझ्या बेचक्यातली धाग्यांची पिसे जुन्या ब्रशने काढायची, तेलाचा थेंब लावून पुसायची आणि मला चष्म्याच्या जुन्या घरात निजवायची. तेव्हा मला फक्त त्या पिसांची किळस यायची, आणि ती धंद्यातली किळस होती.

मग एका सकाळी ताई मशीनवर बसल्या बसल्या उजवीकडे कलली आणि खाली पडली. दवाखान्यातून परत आली तेव्हा तिची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. तिची खाट त्याच पुढच्या खोलीत टाकली. डॉक्टरांनी भावाला स्पष्ट सांगितले, "बोलणं परत येऊ शकतं. पण त्यांनी स्वतः प्रयत्न करायला हवा, आणि लवकर करायला हवा. उशीर झाला तर राहून जाईल." ताईने प्रयत्न केला नाही. तिने भिंतीकडे तोंड केले ते केलेच.

आणि माझी रवानगी औषधांच्या तबकात झाली. भावजय मनाने वाईट नव्हती, पण घाईची होती. गोळ्यांची पाकिटे फाडायला तिला काहीतरी टोकदार हवे होते आणि मी हाताशी सापडलो. एकदा सापडलो म्हणजे सापडलोच. तिने माझ्याने दुधाच्या पिशव्या फोडल्या. मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता माझ्याने ओढून काढला. कंगव्याच्या दातांतला मळ काढला. शेगडीवर करपलेला थर खरवडला. मग नळाखाली एकदा धरल्यासारखे करून मला पुन्हा तबकात टाकायचे, खोकल्याच्या औषधाच्या चिकट थारोळ्यात. माझ्या बेचक्यात दुधाची साय वाळायची आणि सायीत केस. माझा लाल मणी काळा पडला. मी पोलाद आहे म्हणून, नाहीतर ओकलो असतो.

पण खरी किळस वेगळीच होती. ती रोज दुपारी शेजारून यायची. तिचे नाव मी सांगणार नाही, मी तिला छानबाई म्हणतो. ती खाटेशी बसून लहान बाळाशी बोलावे तशी ताईशी बोलायची.

"आज कितीतरी चमचे घेतले ना ताईंनी? छान, छान."

ताईचा डावा हात चादरीवर जरासा हलला तरी टाळ्या. ताईने डोळे उघडले तरी छान, मिटले तरी छान. जी बाई चार दिवस खपून केलेल्या कामाला फार तर चालेल म्हणायची, तिला दूध गिळल्याबद्दल शाबासकी मिळत होती. मी तबकातून ताईची पाठ बघायचो. दर छानला ती पाठ आणखी आखडायची. छानबाईला ते दिसत नव्हते. तिचे मन मायाळू होते हे मला मान्य आहे. शिळा लाडूही कोणी मायेनेच देते, म्हणून तो खावा असे नाही.

आता ताईच्या भावाबद्दल. तो ताडपत्र्या आणि तंबू शिवायचा, म्हणून गल्लीत त्याला तंबूवालाच म्हणत. पंजे फावड्याएवढे. उभ्या आयुष्यात त्याने सरळ शिवणीखेरीज काही शिवले नव्हते. ताईपुढे त्याचे बोलणे कधी फारसे नव्हतेच. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते, आणि ती बोलायची व तो ऐकायचा अशी त्यांची वाटणी होती. आता ती बोलत नव्हती आणि त्याला काय करावे ते सुचत नव्हते.

कपाटात ताईने कापून ठेवलेल्या तुकड्यांचा डबा होता. पोटे आणि कुशी, सगळ्या वर्तुळांच्या. गोधडी अर्धी राहिली होती. एका रविवारी तंबूवाल्याने तो डबा टेबलावर आणला.

बायको म्हणाली, "तुम्हाला जमणारंय का हे?"

"नाही जमलं तर नाही. पण मशीनचा आवाज झाला तर ती वळून तरी बघेल."

त्याचा सगळा बेत एवढाच होता. बहिणीने एकदा वळून बघावे.

मित्रांनो, पुढे जे झाले ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हापासून मला तंबूंचीही किळस आहे. त्याने पोट कुशीवर ठेवले. कडा जुळेनात. त्याने डोके खाजवले, बहिणीच्या पाठीकडे बघितले, आणि हळूच म्हणाला, "आजारपण आधीच सुरू झालं असेल तिचं. कापताना चुकलीय." आणि कात्रीने पोटाची जास्तीची कड कापून टाकली. एकाची नाही, बऱ्याच पोटांची कापली. ताडपत्रीत जास्तीचे निघाले की कापायचे, हा त्याचा धंद्याचा नियम. पोटे गेली खंगून. आता ती कुशीला पुरेनात, म्हणून त्याने पोटे ओढली. ताडपत्री ओढूनच शिवतात. तिरप्या धाग्याचे सुती कापड ओढले की ते लांबते आणि परत येत नाही, हे त्याला कोण सांगणार? जिला माहीत होते ती भिंतीकडे बघत होती.

जे तयार झाले त्याला वर्तुळ म्हणणे म्हणजे बटाट्याला चेंडू म्हणणे. चहूकडे चुण्या, एका जागी फुगा. आणि उसवणे हा प्रकार त्याच्या धंद्यातच नव्हता. ताडपत्री कधी उसवत नाहीत, कारण सुईची भोके उघडी पडली की पाणी गळते. चुकले तर वरून दुसरी शिवण मारतात. त्याने तेच केले. चुकीवर चूक, त्यावर आणखी एक. मी तबकात औषधाच्या चिकट्यात पडून ते बघत होतो आणि माझी धार आतल्या आत शिवशिवत होती. मशीन दिवसभर खडखडले. ताई वळली नाही.

भावजयीला नवऱ्याची दया आली. तिने त्या तुकड्याला घट्ट खळ लावली आणि तापलेली इस्त्री जोर देऊन फिरवली. चुण्या दबल्या, फुगा बसला. कडक पापडासारखे ते वर्तुळ लांबून खरोखर बरे दिसू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्या धुण्यात सगळे बाहेर येणार होते, पण धुणार कोण होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी छानबाई आली. तंबूवाल्याने लाजत लाजत तो तुकडा तिच्यासमोर धरला.

"तुम्ही केलंत? अगं बाई, काय छान." मग ती ताईच्या पाठीकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "बघा ना ताई, भावानं किती छान केलंय. अगदी तुमच्यासारखंच."

खाट करकरली. ताई वळत होती. डाव्या कोपरावर भार देऊन, उजवी बाजू ओझ्यासारखी ओढत, ती भिंतीपासून आमच्याकडे वळली. तंबूवाला जागच्या जागी उभा राहिला. तिने डावा हात पुढे केला आणि त्याने तो तुकडा त्या हातात दिला.

तिने तो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याच्या नखाने शिवणीवर जोरात खरवडले. खळ कडकडली आणि पहिली चुणी उठून बसली, मग दुसरी, मग फुगा. ताईच्या तोंडाची जी बाजू अजून तिच्या ताब्यात होती ती वर चढली, नाकपुडी फुगली. इतकी स्वच्छ किळस मी माणसाच्या चेहऱ्यावर फार दिवसांत पाहिली नव्हती. मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला, पहिल्यासारखा. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. घशातून काहीतरी खरखरत वर आले.

"उ... सव."

छानबाई म्हणाली, "काय म्हणाल्या?"

"उसव म्हणाली," तंबूवाला म्हणाला, आणि तो दांडगा माणूस खाटेशी जमिनीवर बसून हमसून हमसून रडू लागला. "ताई, उसवतो. सगळं उसवतो. कशानं उसवू ते सांग."

ताईचे बोट औषधांच्या तबकाकडे गेले. त्याने मला उचलून तिच्यापुढे धरले. तिने मला बघितले. दुधाची साय, मोरीतले केस, करपट, चिकटा, काळा मणी. मी लाजेने मेलो. आणि ताईने आपला दुसरा शब्द उच्चारला, अगदी स्पष्ट.

"शी."

तंबूवाल्याने मला गरम पाण्यात घातले, साबण लावला, ब्रशने बेचका घासला, पुसला आणि तेलाचा थेंब सोडला. भावजय खाली मान घालून त्याला ब्रश आणून देत होती. "मला काय माहीत, हा एवढा कामाचा आहे," ती पुटपुटली. मी तिला माफ केले. पूर्ण नाही.

त्यानंतर ती खोली पुन्हा शिवणाची झाली. खाट टेबलाजवळ सरकवली. ताईकडे शब्द थोडे होते आणि प्रत्येकाला ओढून आणावे लागायचे, त्यामुळे ती एकही वाया घालवत नव्हती. पोट कापल्याचे तिला कळले तेव्हा तिने भावाकडे असे बघितले की तो निमूटपणे उरलेल्या कापडातून साच्यावर नवी पोटे कापायला बसला. मग ती म्हणाली, "मधे." त्याला उमगेना. तिने एका हाताने तुकडा दुमडला, घडीवर नख ओढले आणि पुन्हा म्हणाली, "मधे." आधी दोन्ही तुकड्यांचे मध्य जुळवून तिथे टाचणी लावायची, मग दोन टोके, मग अधलेमधले. दुसऱ्या दिवशी शब्द आला, "वर." कूस वर ठेवून शिवायची. मग आला, "ओढू नको." हे तिचे पहिले वाक्य. ते तिने इतक्यांदा म्हटले की त्या वाक्यावरच तिची जीभ सुटली असे डॉक्टरांना सांगितले तर ते हसतील, पण मी तिथे होतो.

तो शिवायचा, ती बघायची, मग म्हणायची, "उसव." तो मला उचलायचा. सुरुवातीला माझे लांब टोक कापडातच घुसवायचा. ताईने त्याच्या हाताला धरून शिकवले की दर चौथा टाका कापायचा आणि उलट बाजूचा धागा अलगद ओढायचा. फावड्याएवढे ते पंजे हळूहळू हलके झाले. "ताडपत्रीला राग चालतो," तो एकदा बायकोला म्हणाला, "हिला नाही चालत." मला पिसे खाऊन खाऊन कंटाळा आला, पण तोंड वाकडे करण्याचीही एक मजा असते आणि ती मला परत मिळाली होती.

एके दिवशी त्याने एक पूर्ण वर्तुळ टेबलावर ठेवले. खळ नाही, इस्त्री नाही. ताईने त्यावरून तळहात फिरवला. खूप वेळ फिरवला.

"चालेल," ती म्हणाली.

तंबूवाला उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो म्हणत होता की बाहेर धूळ फार आहे.

मित्रांनो, इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती, आणि गोड गोष्टींचे मला काय वाटते ते तुम्हाला कळले आहेच. अजून थोडे आहे. गोधडीतले शेवटचे वर्तुळ उरले तेव्हा ताई म्हणाली, "मी." डाव्या हाताने, सुईदोऱ्याने. तंबूवाल्याने टाचण्या लावून तुकडे धरले आणि तिने टाके घालायला सुरुवात केली. ज्या हाताने उभ्या जन्मात सुई धरली नव्हती त्या हाताने. सुई सुटायची, दोरा गुंतायचा, बोटाला टोचायची. कित्येक दुपारी त्यात गेल्या. ते पुरे झाले तेव्हा तिने ते टेबलावर ठेवले आणि भावाकडे बघितले.

भावजय हातातले काम सोडून आली. छानबाई दारातच होती. मी टेबलावर होतो, म्हणून मला सगळ्यात जवळून दिसत होते. ते वर्तुळ वाईट होते. टाके लहानमोठे, मध्य सरकलेला आणि खालच्या अंगाला चुण्या. छानबाईने तोंड उघडले.

"किती छा..."

तंबूवाल्याने हात वर करून तिला थांबवले. तो वाकून बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. समोर त्याची आजारी बहीण होती, आईच्या जागी असलेली, आणि एक छान म्हटले असते तर सगळे सुटले असते. हा आता छान म्हणेल, मला वाटले, आणि ताई पुन्हा भिंतीकडे वळेल.

तो सरळ उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "उसव."

छानबाईने पदर तोंडाला लावला. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडाची चांगली बाजू हळूहळू वर चढली, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच ताई हसली. घशातून खरखर करत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिने डावा हात पुढे केला. भावाने माझे टोक आपल्याकडे ठेवून मूठ तिच्या हातात दिली.

ते वर्तुळ पुढे किती वेळा उसवले ते मी मोजले नाही. गोधडी आता ताईच्या खाटेवर असते आणि त्या वर्तुळाला अजूनही एक बारीक चुणी आहे. ताई म्हणते, चालेल.

माझी धार आता उतरली आहे. म्हातारपणी मागण्यासारखे माझे फार काही नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला घासून पुसून कोरड्या जागी ठेवा. आणि तुमच्या घरी कोणी ताईसारखे अंथरुणाला खिळले असेल तर त्याच्या कामाकडे नीट बघितल्याशिवाय छान म्हणू नका. वाईट झाले असेल तर उसव म्हणा. छान म्हणणारा माणूस उठून घरी जातो. उसव म्हणणाऱ्याला तिथेच बसावे लागते, कारण समोरचा पुन्हा शिवणार आहे याची त्याला खात्री असते.

आणि दुधाची पिशवी कात्रीने फोडा.